जुनी वखार, नवा वापर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

पेठेतल्या वखारी, पेढ्या, अडतीची दुकाने यांचा व्यापार बाजार समितीच्या आवारात गेला आणि इमारती मागे राहिल्या. त्यांत वाचनालय, नाटकाच्या तालमी, कार्यशाळा, प्रदर्शने भरवू पाहणाऱ्या मंडळांचे काही प्रश्न येथे घेतले आहेत. उत्तरे विटा-दगडाच्या जाड भिंती, चुन्याचा दर्जा (विटा-दगडांमधल्या सांध्यांची भर) आणि सागवानी कडीपाट (तुळया-कड्यांवर फळ्यांची जमीन) असलेल्या इमारतींसाठी आहेत. सिमेंट-सळईच्या सांगाड्याला ती लागू करू नयेत.

आमच्या वाचनालय मंडळाला धान्याची दुमजली वखार वापरायला मिळते आहे. खाली १२ बाय ८ मीटरचे दालन, वर तेवढाच माळा, छप्पर कौलारू. आधी रंगरंगोटी करून उद्‌घाटन उरकावे, देणग्या आल्या की बाकीचे बघू, असे काही सभासदांचे मत आहे. सुरुवात कशाने करावी? – वाई

छपराने. रंग सर्वांत शेवटी. गळक्या छपराखाली लावलेला रंग पहिल्या पावसाळ्यात फुगतो, आणि देणगीदाराला दिसते ती फक्त फुगलेली भिंत.

पण त्याआधी एक पावसाळा इमारतीचे नुसते निरीक्षण करता आले तर फार चांगले. मुसळधार पाऊस चालू असताना आत जा आणि नकाशावर खुणा करा : पाणी कुठून टपकते, कोणत्या भिंतीवर ओघळ येतो, पागोळ्या जोत्यापासून किती अंतरावर पडतात, रस्त्यावरचे पाणी उंबऱ्यापर्यंत येते का. उन्हाळ्यात केलेल्या पाहणीत यातले निम्मे दिसत नाही. पाऊस संपला की भिंतींच्या तड्यांवर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना घट्ट चिकटवून तारीख लिहा. चार-सहा महिन्यांत पट्टी तडकली तर तडा जिवंत आहे, म्हणजे पाया किंवा तुळई अजून हलते आहे. तिथे नुसता गिलावा करणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

कामाचा क्रम असा ठेवा : छप्पर आणि पन्हाळी, मग जोत्याभोवतीचा पाण्याचा निचरा, मग लाकूडकाम व भिंतींची मजबुती, त्यानंतर वीज, त्यानंतर चुन्याचा गिलावा आणि अखेरीस चुन्याची सफेदी. छप्पर मे संपण्याआधी बंद झाले पाहिजे. चुन्याचे काम ऑक्टोबर ते फेब्रुवारीत उत्तम होते. एप्रिल-मेच्या उन्हात चुना आवळण्याआधीच वाळून भुसभुशीत पडतो. अंदाजपत्रकात १५ ते २० टक्के रक्कम न दिसलेल्या कामांसाठी बाजूला काढा. जुन्या भिंतीत पुरलेले तुळईचे टोक उघडल्याशिवाय त्याचा खर्च कुणालाच सांगता येत नाही.

लोकांना लवकर आत आणण्याची घाई मात्र चुकीची नाही. कोचीतल्या ॲस्पिनवॉल हाउसचे उदाहरण पाहा. १८६७ मध्ये सुरू झालेल्या व्यापारी कंपनीची ही खाडीकाठची गोदामे आणि कचेऱ्या. २०१२ च्या डिसेंबरात कोची-मुझिरिस बिएनाले या कलामहोत्सवाचे पहिले प्रदर्शन तिथे भरले ते पुढच्या मार्चपर्यंत, म्हणजे कोरड्या महिन्यांत. मोठी उघडी दालने, जुन्या भिंती आणि जुनी जमीन तशीच ठेवून कलाकृती मांडल्या गेल्या. तुम्हीही छप्पर आणि वीज एवढे पक्के करून तळमजल्यावर डिसेंबर ते मार्च कार्यक्रम घेऊ शकता. माळा तोवर बंद ठेवा.

खालच्या भिंतींना कंबरेपर्यंत ओल आहे, लोणा (क्षार) लागून विटांचा भुगा पडतो. ठेकेदार म्हणतो, जुना गिलावा काढून रसायन मिसळलेला सिमेंटचा गिलावा मारू, दहा वर्षे बघायला नको. करावे का? – कराड

करू नये. हाच उपाय पेठांतल्या निम्म्या भिंतींनी सोसला आहे.

चुन्यात बांधलेली भिंत जमिनीतले पाणी थोडे शोषते आणि पृष्ठभागातून सोडते. वरून सिमेंटचा थर बसला की बाहेर पडायची वाट बंद होते. मग पाणी भिंतीतूनच वर चढते. आज कंबरेएवढी असलेली ओल दोन-तीन वर्षांत खांद्यापर्यंत जाते आणि कडीपाटाची टोके भिजू लागतात. पाण्याबरोबर आलेले क्षार सिमेंटच्या मागे स्फटिक होऊन फुगतात, आणि गिलावा पडतो तेव्हा विटेचा पापुद्रा सोबत घेऊन पडतो. रसायनाने पाणी नाहीसे होत नाही, त्याची जागा बदलते.

आधी पाणी येते कुठून ते शोधा. पेठेत बहुतेक वेळा कारण एकच असते : डांबराचे थर चढत जाऊन रस्ता वर आला आणि जोते त्याच्या खाली गेले. भिंतीला लागून चर खणा, पण पायाच्या तळापेक्षा खोल कधीही जाऊ नका, आणि एका वेळी दोन-तीन मीटर लांबीच उघडा. तळाला नाल्याच्या दिशेने उतार द्या, म्हणजे दर मीटरला एक सेंटिमीटर. त्यात भोकांची नळी ठेवून वर धुतलेली खडी भरा. भिंतीलगत कोबा किंवा फरशी असेल तर ती उखडा. नळाची जुनी जोडणी आणि शेजारच्या मोरीची गळतीही तपासा. लोणा लागण्याचे खापर जमिनीवर फुटते आणि दोषी शेजारची मोरी निघते, असे अनेकदा होते.

मग ओलीच्या रेषेच्या वर निदान ६० सेंटिमीटरपर्यंत सगळा जुना गिलावा छिन्नीने, हलक्या हाताने काढा आणि भिंत उघडी सोडा. क्षार कोरड्या ब्रशने झाडून गोळा करा आणि आवाराबाहेर टाका. धुऊ नका, धुतलेले क्षार पुन्हा विटेत शिरतात. फार क्षार असतील तिथे भिजवलेल्या कागदाच्या लगद्याचा दीड-दोन सेंटिमीटर जाड लेप द्या, वाळला की सोलून काढा, पुन्हा द्या. लेप वाळताना क्षार स्वतःकडे ओढून घेतो. भिंत सुकायला जाडीच्या दर इंचाला साधारण एक महिना धरावा. दीड फुटी भिंतीला वर्ष-दीड वर्ष लागते. हा काळ मंडळांना सोसत नाही, पण याला पर्याय नाही. तोवर तिथे विटा दिसू द्या. प्रदर्शनाला त्या शोभतात.

चुना कसा तयार करावा? आमच्याकडचे गवंडी पिशवीतला चुना आणि सिमेंट अर्धे-अर्धे घ्या म्हणतात. – पंढरपूर

पिशवीतली भुकटी किती जुनी आहे ते कळत नाही. हवा लागलेली भुकटी आधीच निम्मी मेलेली असते, म्हणून ती पकड देत नाही, म्हणून गवंडी तिच्यात सिमेंट घालतो. सिमेंट घातले की चुना वापरण्याचा हेतूच संपतो.

कळीचा (न विझवलेला) चुना ताजा आणा, ढेकळांच्या रूपात. लोखंडी पिंपात किंवा विटांच्या हौदात आधी पाणी घ्या आणि मग थोडी-थोडी ढेकळे पाण्यात सोडा. ढेकळांवर पाणी ओतू नका. पाणी उकळते आणि चुना अंगावर उडतो. डोळ्यांना बंद चष्मा, हातांना रबरी मोजे, जवळ स्वच्छ पाण्याची बादली, आणि लहान मुले लांब. चांगला चुना विझल्यावर आकारमानाने दुप्पट किंवा त्याहून अधिक होतो. तो जाळीतून गाळून वर चार बोटे पाणी ठेवून मुरवा. एक महिना किमान, तीन महिने असतील तर उत्तम. न विझलेले खडे गिलाव्यात राहिले तर महिन्याभराने फुगून छोटे-छोटे खड्डे पाडतात.

दर्जा भरण्यासाठी एक भाग मुरवलेला चुना आणि तीन भाग धुतलेली, टोकदार कणांची वाळू. ओलसर भिंतीला एक भाग चुना, दीड भाग वाळू, दीड भाग सुरखी. सुरखी मध्यम भाजलेल्या विटांची, बारीक चाळलेली हवी. तिच्यामुळे चुना ओलीतही आवळतो. चुना मळायची घाणी मिळाली तर मिश्रण तिच्यातच मळा, नाहीतर लाकडी ठोकण्यांनी कुटून घ्या. पाणी जितके कमी आणि मळणे जितके जास्त, तितका गिलावा कमी तडकतो. हिरड्याचे, बेलफळाचे किंवा गुळाचे पाणी घालण्याची पद्धत ठिकठिकाणी वेगळी आहे. प्रमाण वाढले तर बुरशी धरते, म्हणून आधी एक मीटर बाय एक मीटरचा नमुना करून महिनाभर पाहा. आमच्या मते हा नमुना ठेकेदाराच्या करारातच लिहावा. तो मान्य झाल्याशिवाय पुढचे काम नाही.

दर्जा भरताना सांध्यांतला जुना भुसभुशीत चुना हाताच्या छिन्नीने २० ते २५ मिलिमीटर खोल काढा. यंत्राची चकती चालवू दिलीत तर ती विटांच्या कडा खाते आणि ते नुकसान भरून येत नाही. भिंत भिजवा, मसाला दाबून भरा. गिलावा एका थरात १० ते १२ मिलिमीटरपेक्षा जाड नको. पहिला थर आवळल्यावर ओरखडे काढून दुसरा. ओले गोणपाट टांगून दहा-बारा दिवस दमट ठेवा. सफेदी दुधासारखी पातळ, चार-पाच हात. प्लॅस्टिक रंग लावलात तर सिमेंटची कथा पुन्हा सुरू.

आमच्या १२ बाय ८ मीटरच्या माळ्यावर मुलांचा नृत्यवर्ग आणि अधूनमधून शंभर प्रेक्षकांचा कार्यक्रम करायचा आहे. पूर्वी तिथे धान्याची पोती रचत, मग माणसांचा काय भार होणार? – बार्शी

हा तर्क धोक्याचा आहे. पोती हलत नाहीत, भिंतीलगत रचली जातात आणि त्याला पन्नास वर्षे झाली. तेव्हाची तुळई आणि आजची तुळई सारखी असेलच असे नाही.

भाराचे भारतीय मानक आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात आहे. राहत्या खोलीला दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो, खुर्च्या पक्क्या बसवलेल्या सभागृहाला ४००, आणि मोकळ्या सभागृहाला ५०० किलो. तुमच्याकडे वर्गात मुले एकाच तालावर उड्या मारणार, म्हणून ५०० धरणे भाग आहे. ९६ चौरस मीटरच्या माळ्याला हा भार ४८ टन होतो.

आता तुळया तपासा. टोचा किंवा जाड सुई घेऊन प्रत्येक तुळई भिंतीत शिरते तिथे खुपसा. सागवान सुदृढ असेल तर टोक दोन-तीन मिलिमीटरच्या पुढे जात नाही. सहज एक-दोन सेंटिमीटर गेले तर आत कुज आहे. हातोडीने ठोकल्यावर भरीव लाकूड खणखणते, वाळवीने पोखरलेले भद्द आवाज करते. मधोमध तुळई अखंड दिसते, कुज असते ती टोकाला, कारण भिंतीची ओल तिथेच लागते. कुजलेला भाग कापून तेवढेच जुने सागवान तिरप्या जोडाने बसवता येते. नाहीतर दोन्ही बाजूंना पोलादी पट्ट्या लावून आरपार बोल्ट घालतात. भिंतीतल्या टोकाभोवती बोटभर हवेची फट ठेवा. तिथे सिमेंट कोंबले की कुज पुन्हा सुरू होते. कामाच्या आधी दोन्ही बाजूंना टेकू द्या, आणि टेकू तळमजल्याच्या फरशीवर नाही, जाड फळीवर टेकवा.

पुष्कळांच्या लक्षात येत नाही तो भार कडीपाटाच्या वर असतो. फळ्यांवर माती-चुन्याचा थर, त्यावर नंतर कुणी घातलेला कोबा, त्यावर फरशी. दहा सेंटिमीटर मातीचे वजन दर चौरस मीटरला १६० ते १८० किलो भरते, म्हणजे तुमच्या माळ्यावर पंधरा ते सतरा टन. नंतर चढवलेला कोबा आणि फरशी उतरवली तर तुळईची बरीच ताकद माणसांसाठी मोकळी होते. सगळी माती मात्र काढू नका. खालचा थर आवाज अडवतो आणि आग फळ्यांपर्यंत पोहोचायला वेळ लावतो.

हिशेब संरचना अभियंत्याकडून लेखी घ्या, तोही लाकडाचे काम जाणणाऱ्याकडून. नंतर वाळूच्या मोजलेल्या गोण्या टप्प्याटप्प्याने ठेवून, खाली टेकू तयार ठेवून, त्याच्या देखरेखीखाली भारचाचणी करा. तीन मीटरची कडी आठ-नऊ मिलिमीटरपेक्षा जास्त वाकत असेल किंवा गोण्या काढल्यावर पूर्ववत होत नसेल, तर नृत्यवर्ग खाली घ्या. खरे तर तो खालीच घ्या, आणि शंभर प्रेक्षकही खालीच. वर चित्रकला, शिवणकाम, बैठका आणि वाचनाची जागा ठेवा. पुस्तकांची कपाटे भिंतीलगत असावीत : सहा फळ्यांचे भरलेले कपाट दर मीटर लांबीला दोनशे किलोच्या घरात जाते.

अजून एक गोष्ट जिन्याची. ७५ सेंटिमीटर रुंदीचा एकच लाकडी जिना असताना वर गर्दी जमवणे आम्हाला कोणत्याही परिस्थितीत मान्य नाही, तुळया कितीही मजबूत असोत. मागच्या बाजूला दुसरा, न जळणारा जिना होईपर्यंत वर वीसेक माणसांची मर्यादा पाटीवर लिहून ठेवा आणि पाळा.

दालनात बोललेले घुमते, शेवटच्या रांगेला नाटकाचा शब्द कळत नाही. भिंतींना फोम लावावा का? – सांगली

फोम लावू नका. साधा फोम भराभर पेटतो आणि विषारी धूर करतो, शिवाय चुन्याच्या भिंतीची हवा बंद होते.

घुमण्याचा काळ मोजायचे सोपे सूत्र आहे : दालनाचे घनफळ गुणिले ०.१६१, भागिले आवाज शोषणारे एकूण क्षेत्र. तुमच्या पत्रातल्या मापांनी, १२ बाय ८ बाय साडेचार मीटर, घनफळ ४३२ घनमीटर. शहाबादी फरशी, कडक गिलावा आणि लाकडी छत मिळून शोषण जेमतेम १७ चौरस मीटरचे, म्हणजे रिकाम्या दालनात आवाज चार सेकंद घुमतो. ऐंशी माणसे बसली की त्यांचे ३५-३६ चौरस मीटर मिळतात आणि काळ १.३ सेकंदांवर येतो. बोलण्यासाठी तो एक सेकंदाच्या आत हवा. त्यासाठी आणखी २५ चौरस मीटर शोषण लागेल. जाड कापडाचे, भरपूर चुण्या पाडलेले पडदे निम्मे शोषतात, म्हणजे पन्नास चौरस मीटर पडदा मागच्या भिंतीवर आणि एका लांब भिंतीवर. तो भिंतीपासून दहा सेंटिमीटर पुढे, वरच्या लाकडी दांडीवर टांगा. मागे हवा खेळती राहते आणि भिंतही सुकते. कापडाला आगरोधक प्रक्रिया केलेली असावी. दोन समोरासमोरच्या भिंतींपैकी एकच झाकली तरी घुमणे तुटते. तालमीच्या वेळी प्रेक्षक नसतात, म्हणून पडदे सरकते ठेवा.

शेजाऱ्यांचाही विचार हवा. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, व्यापारी भागात ६५ आणि ५५. कौलांतून आवाज मोकळा बाहेर जातो, तो पडद्याने अडत नाही.

मंगलोरी कौले काढून पत्रे टाकावेत का? – चिपळूण

पत्रा हलका, म्हणून त्याची भुरळ पडते. पण हलकेपणाच वादळात नडतो. कौलांचे वजन दर चौरस मीटरला ३५ किलोच्या आसपास, पत्र्याचे पाच-सहा. जुन्या भिंतींवर वासे नुसते टेकवलेले असतात, ते कौलांच्या वजनाने जागी राहतात. पत्रा घालायचाच तर प्रत्येक वासा भिंतीत खोल गजाने बांधावा लागतो. त्यात पावसाचा आवाज असा की जुलैत कार्यक्रमच होणार नाही.

दर चौरस मीटरला साधारण १५ कौले लागतात. उतार ३० अंशांचा असेल तर १२ बाय ८ च्या जागेवर छप्पर १११ चौरस मीटर भरते, म्हणजे सुमारे १,६७० कौले, दहा टक्के फुटीची वेगळी. जुनी कौले वाजवून पाहा, खणखणीत वाजणारी पुन्हा वापरा आणि ती एका उतारावर एकत्र बसवा. नव्या-जुन्यांचे माप थोडे वेगळे असते आणि मिसळली की फटी राहतात. रिपांचे (कौले ज्यांवर टेकतात त्या लाकडी पट्ट्यांचे) अंतर पुस्तकातून घेऊ नका, तुमचीच दोन कौले एकात एक बसवून मोजा.

वीज आणि आगीबद्दल किमान काय करावे? – जळगाव

लाकडी पट्टीतली रबरी जुनी वायर एकही ठेवू नका, चालू असली तरी. नवीन वायर तांब्याची, ज्वालारोधक, धातूच्या उघड्या नळीतून न्या. कडीपाटात किंवा चुन्याच्या भिंतीत चर मारून पुरू नका. प्रत्येक मंडलाला (सर्किटला) ३० मिलिअँपिअरचा वीजगळतीरोधक स्विच, रंगमंचाच्या दिव्यांना आणि ध्वनियंत्रणेला वेगळी मंडले, आणि नवे अर्थिंग. छताजवळ तापणारे हॅलोजन नकोत.

सहा किलोचे एबीसी (कोरड्या भुकटीचे) अग्निशामक असे ठेवा की कुठूनही पंधरा मीटरच्या आत हात पोहोचेल. विद्युत पेटीजवळ कार्बन डायऑक्साइडचा. महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याखाली परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते.

दुकानाच्या दर्शनी फळ्यांच्या दाराबद्दल : खाचेत सरकणाऱ्या त्या क्रमांक घातलेल्या फळ्या फार सुंदर असतात, त्या जपा. पण कार्यक्रम चालू असताना सगळ्या काढलेल्या असल्याच पाहिजेत, आणि मागे बाहेर उघडणारा दुसरा दरवाजा हवाच.

मालकाशी करार आणि परवानग्या? – नाशिक

मिळकत पत्रिकेवर किती वारसांची नावे आहेत ते आधी पाहा. एकाच भावाच्या सहीवर लाखो रुपये भिंतीत घालू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार भाड्याचा किंवा परवान्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. मुदत अशी मागा की दुरुस्तीचा खर्च वसूल व्हावा. अकरा महिन्यांच्या करारावर छप्पर बदलू नये. मूळ बांधकामाचा खर्च कुणाचा आणि करार लवकर मोडल्यास परतफेड कशी, हे कलम स्पष्ट हवे.

इमारत वारसा यादीत आहे का, हे नगरपालिकेत विचारा. असल्यास दर्शनी भागाला हात लावण्याआधी वारसा समितीची संमती लागते. गोदामाचा सभागृहासाठी वापर हा वापरबदल आहे, त्याला परवानगी हवी. तिकीट लावून प्रयोग करणार असाल तर पोलिसांकडील परवान्याची चौकशी वेगळी करा.

खाली एखादे जुने दुकान चालू असेल तर त्याला उठवण्याची घाई नको. त्याचे भाडे वीजबिल भरते, दिवसभर दार उघडे राहते, आणि गळती सर्वांत आधी त्यालाच दिसते.

ओटा ६० सेंटिमीटर उंच आहे. चाकाची खुर्ची आत कशी न्यावी? – सोलापूर

उतार एकास बारा हवा, म्हणजे सव्वासात मीटर लांब, शिवाय वर आणि खाली दीड-दीड मीटर सपाट जागा. तेवढी जागा रस्त्याकडे नसते आणि ओटा फोडणेही बरे नाही. मागच्या बोळातून किंवा परसातून न्या. तिथेच नवे, सुटे शौचालय बांधा, आतल्या लाकडी माळ्यावर कधीही नाही. त्याच्या दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर ठेवा आणि दार बाहेर उघडणारे करा.